उडी मोजली, धाव मोजलीच नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात शालेय बास्केटबॉलच्या निवड चाचणीची बातमी आली होती. मुलींच्या संघासाठी यंदा उभ्या उडीला सगळ्यांत जास्त गुण ठेवले होते, कारण जिची उडी चांगली तिचा धावण्याचा वेगही चांगला, असं आयोजकांचं म्हणणं त्यात छापलं होतं. ही समजूत निम्मी खरी आहे. सबंध खोटी असती तर एव्हाना कुणीतरी खोडून काढली असती. निम्मी खरी असल्यामुळेच ती वर्षानुवर्षं चालते आणि तिच्या जोरावर पोरींची नावं यादीत चढतात नि उतरतात. म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबलंय, त्याला इलाज नाही. कात्री लावायची झाल्यास माझ्या नातीची हकिगत कापा, मोजमापाचा भाग तेवढा राहू द्या.

मी कोच नाही, कधी खेळाडूही नव्हतो. डिचोली तालुक्यातल्या खाणींवर सर्व्हेअर म्हणून नोकरी केली आणि 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसलो. नात बास्केटबॉल खेळते. तिला कोर्टवर सोडायचं आणि घेऊन यायचं काम माझ्याकडे. सूनबाईंची शिफ्ट उशिरा सुटते. संध्याकाळभर कठड्यावर बसून करायचं काय? जन्मभर टेप आणि दुर्बीण घेऊन डोंगर मोजले, आता पोरींच्या उड्या मोजतो.

चाचणीच्या दिवशीही मी तिथंच होतो. पाऊस नुकताच उघडला होता. कोर्टच्या एका कोपऱ्यात शेवाळ धरलेलं, त्यावर कुणीतरी गोणपाट अंथरलेलं. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंतीपाशी उडीची चाचणी चालली होती. मुलगी भिंतीला कूस लावून उभी राहते, हात वर ताणते, बोटांना लावलेल्या खडूची खूण भिंतीवर उठते. मग जागच्या जागी गुडघे मोडून उडी, वर दुसरी खूण. स्टुलावर उभे असलेले सर टेप लावून दोन खुणांमधलं अंतर सांगतात, खालचे सर लिहून घेतात. अमेरिकेतल्या डडली सार्जंट यांनी 1921 साली उभ्या उडीची ही कल्पना मांडली. भिंत आणि खडू नंतर आले. शंभर वर्षं उलटली तरी ती टिकून आहे, कारण तिला खर्च नाही आणि आकडा तिथल्या तिथं मिळतो. पळवाट मात्र आहे. पहिली खूण करताना खांदा पुरता वर ताणला नाही, तर उडी फुकटात दोन-तीन सेंटिमीटरनं वाढते. चलाख पोरी हे लगेच शिकतात. माझ्या नातीनं खांदा इमानदारीनं ताणला. आजोबा सर्व्हेअर असल्याचा तोटा.

धावण्याची चाचणी म्हणाल तर पाच-सहा मुली एका रेषेवर, शिट्टी, आणि पलीकडे एका गृहस्थांच्या हातात एकच स्टॉपवॉच. पहिली आली तिची वेळ लिहिली. बाकीच्यांच्या नावापुढे अंदाज.

ह्या चाचणीत दोन मुली होत्या, त्यांच्या जर्सीच्या नंबरांनीच सांगतो. सात नंबर उंच, सडपातळ, उडीत पहिली. अकरा नंबर ठेंगणी, मांड्या भरलेल्या, उडी सात नंबरपेक्षा दहा-एक सेंटिमीटरनं कमी. सामन्यात चेंडू सुटला की अकरा नंबर पहिल्या दोन पावलांत सात नंबरला मागे टाकते, तीन-चार पावलांत चेंडूवर हात. कोर्टवर रोज येणाऱ्या भेळवाल्यालाही हे ठाऊक आहे. यादी लागली तेव्हा सात नंबर होती, अकरा नंबर नव्हती. माझी नात यादीत आहे, तेव्हा हे पत्र पोटदुखीतून लिहिलंय असं कुणी समजू नये.

मी एका सरांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "काका, उडी बघितली की पायातली ताकद कळते. ताकद असली की वेग आपोआप येतो." माणूस प्रामाणिक होता, सकाळपासून उपाशीपोटी उभा होता, वाद घालायची ती वेळ नव्हती. आता निवांत लिहितो.

त्यांच्या बोलण्यात खरं काय, ते आधी. उडी मारताना आणि धावायला सुटताना शरीर मुळात एकच काम करतं. खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे झटक्यात सरळ करून पाय जमिनीला रेटा देतो, आणि जमीन तेवढाच रेटा उलट देते. स्वतःच्या वजनाच्या मानानं हा रेटा जेवढा मोठा, तेवढं शरीर लवकर सुटतं. म्हणून नुसती ताकद बघून चालत नाही, वजनाच्या मानानं बघावी लागते. जिम्नॅशियममध्ये भरपूर वजन उचलणारा जाडजूड मुलगा उडीत मागे पडतो आणि धावण्यातही मागे पडतो, त्याचं कारण हेच. उडी ही शरीराच्या वजनासकटच मारावी लागत असल्यामुळे हा हिशेब तिच्यात आपसूक होतो, हा तिचा मोठा गुण. बास्केटबॉल खेळाडूंवर जगभर जे अभ्यास झालेत, त्यांत उडी आणि छोट्या धावेचा वेळ यांचं नातं बहुतेक वेळा सापडतं: उडी जास्त तर वेळ कमी. त्यात शंका नको.

आता दुसरा निम्मा भाग. तो मला अकरा नंबरच्या पायांकडे बघून कळला.

उडीत सगळा रेटा सरळ खाली जातो. धाव सुरू करताना तो खाली जातो आणि मागेही गेला पाहिजे. मागे गेला नाही तर माणूस पुढे जाणार कसा? अकरा नंबर सुटते तेव्हा तिचं अख्खं अंग पुढे झुकलेलं असतं, नडगीही तिरपी, आणि पहिलं पाऊल तिच्या कमरेच्या खालीच पडतं, त्याच्या पुढे नाही. तिथून ती जमीन मागे ढकलते. पावलं आखूड, आवाज बारीक. सात नंबर सुटताना आधी ताठ होते, मग लांब ढांग टाकते. ती ढांग शरीराच्या पुढे पडते, टाच आधी टेकते, आणि त्या क्षणी तिचाच पाय तिला ब्रेक लावतो. पायात ताकद अकरा नंबरपेक्षा जास्त असेलही, पण तिची दिशा चुकते. भिंतीवरच्या खडूच्या खुणेत दिशा उमटत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. जागच्या उडीत गुडघे मोडायला सुरुवात केल्यापासून पाय सुटेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त अवधी मिळतो. धावायला सुटल्यावर पहिल्या पावलांत पाय जमिनीवर टिकतो तो सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. पट्टीचा धावपटू पूर्ण वेगात असला की दहावा भाग, त्याहूनही कमी. एखादीच्या पायात ताकद भरपूर आहे, पण ती बाहेर यायला वेळ लागतो, अशा मुलीला भिंतीजवळ पूर्ण गुण मिळतील. कोर्टवर मात्र ताकद बाहेर येण्याआधीच पाय उचलायची वेळ येते. शिवाय उडी दोन पायांनी, धाव एका-एका पायानं. एक पाय कच्चा असला तर दुसरा उडीत त्याला सांभाळून घेतो, धावताना सांभाळत नाही.

उभ्या उडीच्या जोडीला उभ्यानं लांब उडी घेतली तर रेट्याच्या दिशेचा थोडा अंदाज येतो. पुढच्या दिशेची उडी आणि धावेची सुरुवात यांचं नातं बऱ्याच अभ्यासांत जास्त घट्ट दिसलंय, प्रत्येक वेळी नाही. बुटक्या पेटीवरून उतरून, पाय टेकताक्षणी परत उडी मारायची चाचणीही असते. तिच्यात उडीच्या उंचीला पाय टेकून राहिल्याच्या वेळेनं भागतात, म्हणजे झटपट रेटा कुणाचा ते कळतं. ह्यातलं एकही धावेला पर्याय नाही. वेग हवा असेल तर वेगच मोजावा लागतो.

आता माझ्या धंद्यातला एक दाखला देतो. खाणीवर जुने मुकादम खनिजाचा ढेकूळ हातात तोलून सांगत, यात लोखंड चांगलं आहे. लोखंड जास्त तर ढेकूळ जड, हे नातं पक्कं. माती, चिरा आणि उत्तम खनिज असे तीन तुकडे पुढे ठेवले तर मुकादमाचा हात कधीच चुकणार नाही. पण बार्जवर चढणारा माल 58 टक्क्यांचा की 60 टक्क्यांचा, हे हातानं सांगायला गेला तर तोच मुकादम निम्म्या वेळा फसेल. थोडी ओल असली की तेवढ्यानंही वजन वाढतं. म्हणून मुरगावला जहाज भरताना कुणी ढेकूळ हातात तोलला नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला, आकडा आला, मग भाव ठरला. दोन टक्क्यांवर लाखांचा फरक पडत होता.

उडीचंही तसंच आहे, आणि मला वाटतं निवड समित्यांच्या नजरेतून सुटतं ते नेमकं इथंच. सबंध तालुक्यातली पाचवीपासून बारावीपर्यंतची मुलं-मुली एकत्र करून उडी आणि धाव मोजली तर दोन्हींचं नातं फार घट्ट दिसेल. दिसणारच, मोठी पोरं उडीत पुढे आणि धावण्यातही पुढे. त्यात उडीचं कौतुक काही नाही, वयाचं आहे. पण चाचणीला शेवटी उरतात त्या पंधरा-वीस मुली, एकाच वयाच्या, सगळ्याच नियमित खेळणाऱ्या. त्यांच्यात फरक बारीक असतात आणि तिथं उडीवरून वेग ओळखणं अवघड होऊन बसतं. म्हणजे जिथं निवड करायची असते, नेमकं तिथंच हे नातं सैल पडतं.

आकड्यांत सांगायचं तर, आकडेशास्त्रात दोन गोष्टींचं नातं उणे एक ते एक असं मोजतात, उणे-अधिक सोडलं तर शून्य ते एक. समजा एखाद्या संघात उडी आणि धाव यांचं नातं 0.6 आलं. ऐकायला भरघोस. पण त्याचा वर्ग करायचा असतो, तो येतो 0.36. म्हणजे मुलीमुलींच्या वेगात जो फरक आहे, त्यातल्या 36 टक्क्यांचा मेळ उडीशी लागला. उरलेल्या 64 टक्क्यांवर उडी काही बोलत नाही. तिथं पावलाची दिशा असते, सुटण्याची ढब असते, घोट्याचा ताठपणा असतो, आणि किती लहानपणापासून रानात धावलीय हेही असतं.

बास्केटबॉलमध्ये वेग म्हणजे काय, तेही एकदा बघू. कोर्ट 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. एका रिंगच्या मध्यापासून दुसऱ्या रिंगच्या मध्यापर्यंत 24.85 मीटर. शंभर मीटरच्या शर्यतीत धावपटू पूर्ण वेग पकडतो त्याआधीच इथलं मैदान संपतं. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल खेळाडूंचे सामने बघून केलेला एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. त्यात जोरकस धावांची सरासरी निघाली 1.7 सेकंद, आणि खेळाडूची हालचाल दर दोन सेकंदांनी बदलत होती: धाव, थांबणं, बाजूला सरकणं, उडी, परत धाव. दोन सेकंदांत मुलगी पाच-दहा मीटर जाते. मग मोजायचं काय? पहिले पाच मीटर आणि पहिले दहा मीटर. सबंध मैदानाच्या धावेत पहिली आली म्हणून पहिल्या पाच मीटरांतही तीच पहिली असेल असं नाही. आणि थांबणं? वेगात आलेलं अंग दोन पावलांत रोखून धरणं ही वेगळीच विद्या. त्यावर स्वतंत्र पत्र होईल.

उडीला बास्केटबॉलमध्ये मोल नाही असं मी म्हणत नाही. 1891 साली जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही 3.05 मीटरवर आहे. ती उंची कुणी शास्त्र बघून ठरवली नव्हती, तरी खेळ तिच्याभोवतीच उभा राहिला. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडायला, उडी लागते; ब्लॉकला, म्हणजे समोरच्याची फेक अडवायलाही लागते. सात नंबर संघात हवीच, रिंगखाली हवी. माझं म्हणणं एवढंच की उडीचे गुण उडीच्या खात्यात लिहावेत, त्यांवरून वेगाचं खातं भरू नये. अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीआधी खेळाडूंची मापं घेतात, तिथं जागची उडी वेगळी मोजतात, धावत येऊन मारलेली उडी वेगळी, पाऊण कोर्टाची म्हणजे 22.86 मीटरची धाव वेगळी, आणि रिंगसमोरच्या पट्ट्याभोवती दिशा बदलत पळण्याची चाचणी वेगळी. उडीवरून वेग कळला असता तर एवढा खटाटोप त्यांनी केला नसता.

कुणी म्हणेल, कार्ल लुइस बघा की! 1984 साली लॉस एंजेलिसला 100 मीटरमध्येही सुवर्ण आणि लांब उडीतही. बरोबर. पण ती धावत येऊन मारलेली उडी. तिच्यात वेग आधी, उडी नंतर. वेगातूनच ती उडी निघते. त्यावरून भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या मुलीचा वेग काढणं म्हणजे हिशेब उलटीकडून मांडणं.

मग सगळे उडीच का मोजतात? माझा तर्क साधा आहे. उडी मोजायला सोपी, धाव मोजायला कठीण. टेपनं उडी सेंटिमीटरपर्यंत कळते. स्टॉपवॉचनं दहा मीटरची धाव मोजणं मात्र जवळजवळ निरर्थक. दहा मीटरला मुलींना दोन सेकंदांच्या आसपास लागतात. शिट्टी ऐकून किंवा हालचाल बघून बटण दाबायला माणसाचा अंगठा सेकंदाचा पाचवा भाग सहज खातो. म्हणून तर जुन्या ॲथलेटिक्समध्ये 100 मीटरची हातानं घेतलेली वेळ विजेच्या घड्याळाच्या वेळेशी ताडताना 0.24 सेकंद मिळवायची रीत होती. शंभर मीटरला एवढी चूक खपून जाते. दहा मीटरला ती दहा टक्क्यांवर जाते, आणि दोन मुलींमधला फरकही साधारण तेवढ्यातच असतो. तेव्हा स्टॉपवॉचवाल्या सरांना दोष देत नाही. त्यांच्या हातात हत्यारच चुकीचं होतं.

योग्य हत्यार आज घरोघरी आहे: मोबाइल. स्लो मोशनमध्ये बरेच मोबाइल सेकंदाला 240 चित्रं घेतात. माझ्या मुलाचा जुना मोबाइल मी याच कामाला लावलाय. उडी मोजायची झाली तर भिंत नको, खडू नको. पाय सुटलेलं चित्र आणि पाय टेकलेलं चित्र शोधायचं, मधला वेळ काढायचा. वेळेचा वर्ग गुणिले 9.81, भागिले 8, की उडी मीटरमध्ये मिळते. अर्धा सेकंद हवेत म्हणजे जवळपास 31 सेंटिमीटर, 0.6 सेकंद म्हणजे 44. हवेतल्या वेळेवरून उडी काढायची ही रीत इटलीच्या कार्मेलो बॉस्को यांनी 1980 च्या दशकात रूढ केली. फक्त साध्या व्हिडिओवर, सेकंदाला 30 चित्रांवर, हे करू नका. एक चित्र इकडचं तिकडे झालं की अर्ध्या सेकंदाच्या उडीत चार सेंटिमीटरची चूक होते. 240 वर ती अर्ध्या सेंटिमीटरवर येते. आणि मुलीनं टेकताना गुडघे पोटाशी घेतले तर वेळ फुकटात वाढते, तेवढं बघा.

धावेसाठी मोबाइल तिपाईवर बाजूला लावायचा. इथं नव्वद टक्के लोक एक चूक करतात आणि ती सर्व्हेअरच्या डोळ्यांत खुपते. दहा मीटरची धाव आहे, मोबाइल धावेच्या रेषेपासून दहा मीटर लांब, पाच मीटरच्या खुणेसमोर. शून्यावर एक दांडा, दहावर एक दांडा. दांडे धावेच्या रेषेवर रोवता येत नाहीत, मुलगी आपटेल. म्हणून लोक ते एक मीटर अलीकडे, मोबाइलच्या बाजूला, सरळ रेषेत रोवतात. झालं! आता मोबाइलमधून मुलगी दांड्याला लागलेली दिसते तेव्हा ती खुणेवर नसतेच. शाळेतले समरूप त्रिकोण आठवा: दहा मीटरवर पाच, तर नऊ मीटरवर साडेचार. प्रत्येक दांडा अर्धा मीटर आत सरकवला पाहिजे. नाही सरकवला तर तुमचे दहा मीटर प्रत्यक्षात अकराच्या वर जातात, आणि शेवटच्या टोकाला अर्धा मीटर म्हणजे सेकंदाचा दहावा भाग कुठंच गेला नाही. सोपा उपाय: दांडा रोवण्याआधी मोबाइलमधून बघत कुणालातरी खऱ्या खुणेवर उभं करा आणि दांडा त्याच्या आड येईल तिथं रोवा. त्रिकोणही नको. आणि टेप ताणून धरा, झोळ पडू देऊ नका.

सुरुवात शिट्टीवर नको. सामन्यात शिट्टी ऐकून कुणी धावत नाही. मुलगी रेषेच्या अर्धा मीटर मागे, तिला वाटेल तेव्हा सुटेल. कंबर पहिल्या दांड्याला लागली की वेळ सुरू, दुसऱ्याला लागली की बंद. असं मोजलं तेव्हा अकरा नंबर दहा मीटरला सात नंबरच्या पुढे निघाली, परत धावायला लावली तरी पुढेच. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा जास्त. तेवढ्यात ती अर्धा मीटर पुढे असते, म्हणजे चेंडू तिच्या हातात. माझी नात दोघींच्या मध्ये कुठेतरी. तिला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हे आम्हाला ठाऊक होतं."

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. उडीला गुण म्हटल्याबरोबर पोरींनी उड्यांचा सपाटा लावलाय. यूट्यूबवर बघून शाळेच्या कठड्यावरून सिमेंटवर उडी, टेकताच परत उडी. ही पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हेर्खोशान्स्की यांनी 1960 च्या दशकात मांडली, ती कसलेल्या, पायांत आधीच ताकद असलेल्या खेळाडूंसाठी. आठवीतल्या पोरीनं कमरेएवढ्या कठड्यावरून सिमेंटवर आपटण्यासाठी नव्हे. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणून बर्फ लावून बसलेल्या दोन पोरी मला ह्याच कोर्टवर दिसतात. वेग वाढवायचा असेल तर दहा-दहा मीटरच्या पूर्ण जोराच्या धावा, मध्ये श्वास खाली बसेपर्यंत विश्रांती, आणि पाऊल कमरेखाली पडतंय का यावर कुणाचंतरी लक्ष. कंटाळवाणं आहे, व्हिडिओत शोभत नाही. आणि वाढत्या वयात मुलीचं वजन काही महिन्यांत तीन-चार किलोंनी वाढतं, उडी होती तिथंच राहते. ती मागे पडली असं समजू नका. वाढलेलं वजन तेवढंच उंच उचलतेय, म्हणजे जोर वाढलाय. ज्या वर्षी उडी थबकते, नेमकं त्याच वर्षी चाचणीत नाव गळतं, असं व्हायला नको.

2023 साली आपल्या गोव्यात 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. मैदानं झाली, इनडोअर हॉल सुधारले, फ्लडलाइट लागले. त्या खर्चाच्या मानानं मी मागतोय ते फुकट आहे. चाचणीत उभी उडी ठेवा, तिच्या बाजूला पाच आणि दहा मीटरची व्हिडिओवरची वेळ ठेवा, दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा आणि यादीसोबत तेही लावा, म्हणजे कुणाला का घेतलं ते पालकांना वाचता येईल. चौदा वर्षांखालच्या आणि सतरा वर्षांखालच्या मुलींचे आकडे एकत्र करू नका. आणि यंदाच्या यादीतून वगळलेल्या मुलींची दहा मीटरची धाव एकदा घ्या. संघ रवाना व्हायला अजून अवधी आहे.

माझ्याकडे तीस मीटरची पोलादी टेप आहे, भंगारात निघालेले लाल-पांढरे आखणीचे दांडे आहेत, आणि मोबाइलही आहे. तिपाई मात्र कॅमेऱ्याची हवी, माझी दुर्बिणीची जड पडते. कोणत्याही तालुक्याच्या समितीला हवं असेल तर संपादकांकडे नंबर ठेवलाय. सकाळी नऊच्या आत बोलवा, नंतर सिमेंट तापतं आणि पोरींचे पाय भाजतात. एका सकाळी चाळीस मुली सहज होतात. फक्त सोमवारी नको, त्या दिवशी नातीचा क्लास असतो आणि पोचवणारा मीच.

आपला,
एक निवृत्त खाण सर्व्हेअर
डिचोली, गोवा

(नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. छापू नये, नातीला ह्याच सरांच्या हाताखाली खेळायचं आहे.)